लष्करी आणि सरकारी कंडम गाड्यांचा लिलाव : गोव्यातल्या नवख्यांसाठी

फोंड्यातल्या किंवा कुडचड्यातल्या कुठल्याही गॅरेजात जरा वेळ बसलात तर एक वाक्य हमखास कानावर येतं : "मिलिटरीची जिप्सी लिलावात कवडीमोलाने मिळते." मिळते, हे खोटं नाही. पण ज्यांना मिळाली त्यांतल्या कितीजणांच्या अंगणात ती नंबराविना ताडपत्रीखाली उभी आहे, हे सांगायला कोणी थांबत नाही. सरकारी लिलावात गाडी आणि तिचे कागद या दोन वेगळ्या वस्तू असतात. बोली दोन्हींवर लागते आहे की नुसत्या लोखंडावर, हे नवख्याला कळत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. त्यामुळे या लेखात गाडीपेक्षा कागदांबद्दलच जास्त आहे. ज्यांना नुसतं भंगारच घ्यायचं आहे त्यांनाही बराचसा भाग लागू पडेल.

माल येतो कुठून

एक, संरक्षण दलं. गोव्यात दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे, बांबोळीला लष्कराचा कॅम्प आहे, शिवाय तटरक्षक दल आहे. अशा ठिकाणांहून निघणारा माल बहुतेक वेळा किरकोळ असतो : लोखंडी खाटा, टायर, जुने जनरेटर, कापलेला पत्रा, अधूनमधून एखाददुसरी गाडी. लष्करी गाड्यांचे मोठे लॉट बघायचे तर घाट चढून पुण्याकडच्या खडकी-देहू रोड पट्ट्यातले डेपो किंवा थेट जबलपूर, पानागढ गाठायची तयारी हवी. लिलाव घरी बसून होतो, गाडी मात्र डेपोतच उभी असते.

दोन, सरकारी खाती. इथे २०२३ पासून मोठा बदल झाला आहे आणि जुन्या माहितीवर चालणारे लोक नेमके इथेच अडकतात. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-ए हा नियम आला. केंद्र, राज्य, नगरपालिका, महामंडळं, सार्वजनिक उपक्रम, यांपैकी कुणाचीही गाडी असो, पंधरा वर्षं झाली की तिच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढावी लागते. म्हणजे 'खात्याची जुनी अँबेसेडर घेऊन चकाचक करतो' हा बेत आता विसरा. अशा गाड्यांच्या लिलावात बोली लावायचा हक्क स्क्रॅपिंग केंद्रांनाच असतो. पंधरा वर्षांच्या आत ज्या गाड्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून कंडम ठरवल्या जातात, तेवढ्याच तुमच्या-आमच्या वाट्याला येऊ शकतात.

याच नियमात एक अपवाद आहे : देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी प्रत्यक्ष कामगिरीवर वापरली जाणारी चिलखती व खास प्रकारची वाहनं. 'मिलिटरीच्या सगळ्याच गाड्यांना ५२-ए लागत नाही' असं एजंट छातीठोकपणे सांगतात ते या वाक्याच्या आधारावर. वाक्य नीट वाचा. त्यात 'सगळ्या गाड्या' असं कुठेही म्हटलेलं नाही.

तीन, उपक्रम. मुरगाव बंदर, गोवा शिपयार्ड, कोकण रेल्वे, कदंब महामंडळ. भंगाराच्या धंद्यातल्या माणसाला इथे खरा माल मिळतो, हौशी माणसाला फारसं काही नाही.

चार, पोलिसांनी जप्त केलेल्या किंवा बेवारस सापडलेल्या गाड्या. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावलात तर दिसतील : वेलींनी गिळलेल्या स्कूटर, एकमेकींवर रचलेल्या मोटारसायकली, चारही टायर बसलेल्या व्हॅन. यांच्याबद्दल शेवटी बोलू.

आधी ठगांबद्दल

हे मधे घालावं लागतं, कारण नवखे लोक लिलावाच्या संकेतस्थळापर्यंत पोचायच्या आधीच लुटले जातात. जुन्या गाड्यांच्या ॲपवर जाहिरात येते : 'आर्मी ऑफिसर, गोव्याहून बदली, बुलेट/जिप्सी तातडीने विकणे.' फोटोत गणवेशातला माणूस, सोबत ओळखपत्र, कँटीन कार्ड. गाडी दाबोळी विमानतळावर किंवा कॅम्पात आहे, 'डिलिव्हरी चार्ज' म्हणून काही हजार आधी पाठवा, बाकी गाडी दारात आल्यावर. पैसे गेले की नंबर बंद.

एवढं लक्षात ठेवा : लष्कराची गाडी कुठलाही अधिकारी स्वतः विकू शकत नाही. ती लिलावातच जाते आणि पैसे सरकारी खात्यात भरले जातात. एखाद्या जवानाची स्वतःची खाजगी गाडी असेल तर तिला नेहमीसारखं आरसी बुक असतं आणि ती तुमच्या-माझ्या गाडीसारखीच विकली जाते. या दोहोंच्या मधली कोणतीही 'स्कीम' नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नोंदणी आणि तयारी

संरक्षण दलं आणि उपक्रमांचे बरेचसे लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. १९६४ साली स्थापन झालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली ही कंपनी पोलाद मंत्रालयाखाली येते. जेम या सरकारी खरेदी-विक्रीच्या पोर्टलवरही सरकारी मालाचे लिलाव निघतात. छोटे लिलाव अजूनही जाहीर नोटिशीने होतात, म्हणून गोव्यातल्या मराठी दैनिकांचं जाहिरातींचं पान चाळायची सवय ठेवा. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय कार्यालयांची साफसफाईची खास मोहीम असते, २०२१ पासून ती दरवर्षी चालते. मार्चअखेरीच्या आधीही कपाटं रिकामी करायची घाई असते. या दोन्ही काळांत लक्ष ठेवलेलं बरं.

खरेदीदार म्हणून नाव नोंदवायला पॅन, आधार, बँक खात्याचा तपशील लागतो. धंदा असेल तर जीएसटी नंबर. बोलीसाठी डिजिटल सही मागितली तर ती घेताना पॅनवरचं नाव आणि सहीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळेल हे पाहा. आपल्याकडे कागदोपत्री नावांची गंमत असते. एका ठिकाणी 'नाईक', दुसऱ्या ठिकाणी 'नायक', तिसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव गायब. लिलावाच्या दिवशी लॉगिन अडलं तर तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. अनामत रक्कम बोलीआधीच भरायची असते. ती उशिरा जमा झाली तर बोलीचं पान उघडतं, पण बोली लागत नाही.

कॅटलॉग वाचायची रीत

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. लोक फोटो बघतात आणि अटींच्या पानावर 'मान्य' करून मोकळे होतात. उलट करा.

प्रथम लॉट कशाच्या मापात विकतात ते बघा. 'नग' असं लिहिलं असेल तर अख्खी वस्तू तुमची. 'मेट्रिक टन' असेल तर तुम्ही किलोच्या भावाने लोखंड विकत घेताय, मग फोटोत गाडी कितीही देखणी दिसो. गाडीच्या वर्णनात 'भंगार' किंवा 'मोडीत काढण्यासाठी' हा शब्द आला की रस्त्याचा विचार तिथेच सोडावा. बॅटऱ्या, जळकं ऑइल, ई-कचरा आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्या यांच्या लॉटवर 'फक्त नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांसाठी' अशी अट असते. तशी नोंदणी नसताना बोली जिंकलात तर माल मिळत नाही आणि अनामतही जाते.

मग शोधायचं वाक्य : विक्रेता विक्री प्रमाणपत्र देणार आहे का, आणि कोणत्या नमुन्यात. लष्करी गाडीसाठी हे प्रमाणपत्र 'फॉर्म २१' मध्ये लागतं. लष्कराच्या गाड्यांची नोंद मुळात आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० खाली ती संरक्षण खात्याच्या स्वतःच्या यंत्रणेकडे असते. वर टोक केलेला बाण आणि पुढे आकडे असलेली ती पाटी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. गाडी विकली की ती नोंद तुमच्या कामाची राहत नाही. तुम्हाला आरसी बुक मिळत नाही, फक्त फॉर्म २१ मिळतो, आणि गाडीची पुढची सगळी कागदपत्रं त्या एका कागदावर उभी राहतात.

तिसरं, 'जसे आहे, जिथे आहे' ही अट. तिचा अर्थ अगदी शब्दशः घ्या. फोटोत बोनेट बंद असेल तर आत इंजिन आहे असं गृहीत धरू नका. कंडम ठरलेल्या गाडीतून चालू गाड्यांसाठी सुटे भाग काढून घेण्याची पद्धत सगळीकडेच आहे. स्टार्टर, डायनॅमो, कार्बोरेटर, रेडिएटर हे आधी जातात. लिलावानंतर 'पार्ट नव्हता' ही तक्रार कोणी ऐकून घेत नाही, आणि नियमाप्रमाणे ऐकायला ते बांधीलही नाहीत.

चौथं, कर. 'बोली अधिक जीएसटी अधिक टीसीएस (विक्रेत्याने खरेदीदाराकडून आगाऊ वसूल केलेला आयकर)' असं जवळजवळ नेहमी असतं. बोलीचा आकडा म्हणजे एकूण किंमत नव्हे.

प्रत्यक्ष पाहणी

पाहणीचे दिवस आणि वेळ कॅटलॉगात असते. लष्करी किंवा नौदलाच्या आवारात जायचं तर आधी संबंधित अधिकाऱ्याला कळवा, मूळ आधार कार्ड न्या आणि मोबाइल गेटवर जमा करायची तयारी ठेवा. फोटो काढता येणार नाहीत असं धरूनच चला. म्हणून वही, शिसपेन्सिल, पातळ पांढरा कागद, तारेचा ब्रश, छोटी विजेरी आणि एक लोहचुंबक पिशवीत असू द्या. सोबत तुमचा मेस्त (गॅरेजवाला मिस्त्री) असला तर उत्तम, पण त्याचंही नाव गेटवर आधी द्यावं लागतं.

सगळ्यात आधी चेसी नंबर. तो कोरलेला असतो, पण गोव्यात दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीवर तो दिसतोच असं नाही. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. जोर लावलात तर आकड्याचा काठच उडून जातो. मग फडक्याने पुसून त्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. आरटीओत नोंदणीच्या वेळी 'चेसी प्रिंट' घेतात ती अशीच. कागदावर आकडे स्वच्छ उमटले तर अर्धी लढाई जिंकली. तीनाचा आठ वाटत असेल, मधला एखादा आकडा खाऊन गेला असेल, किंवा कॅटलॉगातल्या नंबराशी एका अक्षराचाही फरक असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याला त्याच वेळी दाखवा आणि दुरुस्ती लेखी होईपर्यंत बोली लावू नका. इंजिन नंबरालाही हाच नियम. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं अदलाबदल होतात. गाडीवर एक, कागदावर दुसरं, असं निघणं नवलाचं नाही.

त्यानंतर पत्रा. बाहेरचा रंग जाड असतो, तो फसवतो. पायाखालचं मॅट उचला, चाकांच्या कमानींत आतून हात फिरवा, लोहचुंबक लावून बघा. दाबोळी-वास्कोच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गाड्यांना दर्याचा खारा वारा आतून खातो. वरून धडधाकट दिसणाऱ्या जिप्सीच्या चेसीवर टोच्याने टोचलं तर टोचा आत जातो. पत्रा बदलता येतो, डेंटिंगवाले आहेत. चेसी खाल्लेली असेल तर सोडून द्या.

मग गाडी कोणती आहे याचा विचार. जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांना मिळत राहिली. लष्करातल्या जिप्सी पेट्रोलवरच्या, पुढे-मागे दोन्ही धुऱ्यांना जोर देणाऱ्या. सुटे भाग अजून मिळतात, मेस्त लोकांना ती तोंडपाठ आहे. नवख्याने लष्करी गाडी घ्यायचीच तर हीच घ्यावी. जोंगा ही जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात बनलेली. सहा सिलिंडरांचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, दिसायला राजबिंडी आणि पेट्रोलला राक्षस. हौस आणि खिसा दोन्ही असेल तरच. शक्तिमान ट्रकचं उत्पादन नव्वदच्या दशकातच थांबलं. तो चित्रीकरणवाले आणि संग्राहक सोडून कोणी घेऊ नये, अंगणात वळतसुद्धा नाही. दूधसागरच्या फेऱ्यांसाठी कुळेला ज्या जीप उभ्या असतात, त्यांच्या चालकांशी बोललात तर फोर बाय फोरच्या गिअरचा आवाज कसा असावा, कसा नसावा, हे फुकटात शिकायला मिळेल.

हिशेब आणि बोली

बोलीच्या आदल्या रात्री आकडा कागदावर मांडा. समजा तुम्ही १,२०,००० पर्यंत जायचं ठरवलं आणि अटींत १८ टक्के जीएसटी लिहिलाय. तिथेच २१,६०० वाढले, झाले १,४१,६००. त्यावर टीसीएस. मग हायड्राचं (गाडी उचलायच्या क्रेनचं) भाडं, ट्रेलरचं भाडं, घाटातला मुक्काम, बॅटरी, पाच टायर, ब्रेकचं सगळं काम, विमा, रस्ता कर. हे सगळं लिहून झाल्यावर जो आकडा येईल तेवढ्यात नोंदणी असलेली, चालती जुनी जिप्सी गोव्यातच मिळते का ते बघा. बऱ्याचदा मिळते. मग लिलाव कशासाठी? हौस म्हणून करायचं तर जरूर करा, पण स्वस्ताच्या नावाखाली करू नका.

बोली ऑनलाइन चढती असते. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे 'शेवटच्या सेकंदाला मारतो' ही हुशारी चालत नाही. समोर भंगाराचे मुरलेले व्यापारी असतात. लोखंडाचा आजचा भाव त्यांच्या खिशात असतो आणि त्या भावापुढे ते एक रुपया जात नाहीत. हौशी माणूसच वाहवत जातो.

सर्वांत वरची बोली तुमची ठरली म्हणजे 'एच-१' झालात. पण पुढे 'एसटीए' असं दिसलं तर विक्रेत्याची मंजुरी बाकी आहे. राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विक्रेत्याने आधी ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत, बोली गेली नसेल तर असं होतं. मंजुरी येईपर्यंत ट्रेलर ठरवू नका. मंजुरीनंतर दिलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त आणि पुढच्या लिलावांतून नाव बाद.

पैसे भरून माल ताब्यात घेतला की तो पूर्णपणे खाजगी होतो, मग तो कितीही ऐतिहासिक असो. आयएनएस विराट ही विमानवाहू युद्धनौका ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. तिच्यावरची सी हॅरियर विमानं आपल्या हंसा तळावरची. २०२० मध्ये ती एमएसटीसीच्या लिलावात ३८.५४ कोटींना विकली गेली आणि गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर तिला गोव्यात आणून संग्रहालय करायची धडपड झाली, गोवा सरकारनेही पाठिंब्याचं पत्र दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण तोवर जहाज विकत घेणाऱ्याच्या मालकीचं होतं आणि तोडकामही बरंच पुढे गेलेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने याचिका निकाली काढली. जे करायचं ते लिलावाआधी करायचं असतं. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयातली जुनी विमानं आज आपण बघतो, ती कोणीतरी वेळेत बाजूला काढून ठेवली म्हणून.

माल उचलणं

डिलिव्हरी ऑर्डर, ओळखपत्र, गाडी व कामगारांचा तपशील देऊन गेट पास होतो. उचलायची मुदत चुकली की जागेचं भाडं सुरू होतं आणि ते रोज चढतं. वजनावर घेतलेल्या मालाच्या बाबतीत रिकामा ट्रक काट्यावर स्वतः उभं राहून तोलून घ्या, भरल्यावर परत तोला, दोन्ही पावत्या जपा. ताडपत्री, जॅक, स्टेपनी आणि डिझेलची टाकी दोन्ही वेळा सारखी असली पाहिजे. काट्यावरचे सगळे वाद यातून होतात.

गाडी चालत असली तरी रस्त्यावर चालवत आणू नका. तिला ना नंबर ना विमा. ट्रेलरवर घाला. पुण्याकडून येताना चोर्ला की अनमोड, हे ट्रेलरवाल्याला आधी विचारा. अवजड वाहनांवर घाटांत बंदी असते, ती ऋतूप्रमाणे बदलते, आणि पावसाळ्यात तर हा प्रवास टाळलेलाच बरा.

गोव्यात नोंदणी

आपण आरटीओ म्हणतो, खातं वाहतूक खातं. तुमच्या राहत्या पत्त्याचं कार्यालय धरायचं : डिचोलीवाल्यांना जीए-०४, फोंड्याला ०५, वास्कोला ०६, आणि असंच पुढे. मी म्हणेन की कार्यालयाची पहिली फेरी बोली लावायच्या आधीच करा. कॅटलॉगाचं पान, गाडीचं उत्पादन वर्ष आणि इंधन दाखवा आणि लेखी अर्ज देऊन विचारा की ही गाडी नोंदवता येईल का, कोणते कागद लागतील. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू आहे. जुन्या मानकाची गाडी पहिल्यांदाच नागरी नोंदीत आणायची म्हटली की काउंटरवर प्रश्न येणारच, आणि तो गाडी दारात आल्यावर येण्यापेक्षा आधी आलेला चांगला.

कागद असे : फॉर्म २० मधला अर्ज, फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, लिलावाचा विक्री आदेश, पैसे भरल्याच्या पावत्या आणि डिलिव्हरी ऑर्डर. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो, प्रवासाचे दिवस त्यात धरत नाहीत. फॉर्म २१ हातात घेताच तिथेच टेबलावर वाचा. उत्पादनाचा महिना-वर्ष, चेसी नंबर, इंजिन नंबर, अश्वशक्ती, सिलिंडर, आसनं, रिकामं वजन, रंग, बॉडीचा प्रकार, यांतला एकही रकाना रिकामा राहिला तर तो भरून घ्यायला पुन्हा त्याच डेपोत जावं लागतं. वर्ष नसेल तर कर ठरत नाही, वजन नसेल तर संगणक पुढचं पानच उघडत नाही. सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि गोल शिक्का वाचता येतो की नाही तेही पाहा.

तपासणीला गाडी न्यायच्या आधी रंग बदला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ज्या रंगासाठी जीव टाकला तोच खरवडून काढायचा, हे अनेकांना पचत नाही. पण पर्याय नाही. इंजिन बदलून डिझेल घालायचा मोहही आवरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली आहे. नोंदणी झाली की सुरक्षा नंबरप्लेट आणि पीयूसी.

अजून एक, खास गोव्याचं. पांढऱ्या पाटीच्या खाजगी जीपमधून पर्यटकांना पैसे घेऊन फिरवणं बेकायदा आहे. 'मिलिटरी जीप सफारी' काढायचा विचार असेल तर व्यावसायिक नोंदणी, परवाना, फिटनेस, वेगळा विमा, हे सगळं आलं. जुन्या लष्करी गाडीवर ते बसवणं मोठं जिकिरीचं काम आहे.

उरलेला कचरा

गाडी उघडली की निरुपयोगी माल निघतोच. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती अधिकृत मार्गानेच जायला हवी. जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात किंवा कुळागराच्या कडेला ओतलं तर थेट विहिरीत उतरतं. अधिकृत संकलक कोण, हे साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारा. टायर जाळू नका, वाड्यावरचे लोक तक्रार करतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

लष्करी भंगाराच्या ढिगात एखादी पितळी नळी, शंकूसारखा तुकडा, काहीही ओळखू न येणारं दिसलं तर हात लावू नका, कापायला तर मुळीच घेऊ नका. २००४ मध्ये साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारात आलेला दारूगोळा फुटून कामगार मेले होते. लॉटसोबत स्फोटकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, आणि असलं तरीही संशय आला की पोलिसांना फोन.

जे विकलंच जात नाही त्याचं काय

आता त्या वेलींनी गिळलेल्या गाड्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच एका गुजरातच्या प्रकरणात सांगितलं होतं की जप्त गाड्या पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नका, फोटो-पंचनामा करून लवकर सोडा किंवा विका. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतच घातली आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत यादी, मग फोटो आणि व्हिडिओ, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तुमची स्वतःची गाडी अशी अडकली असेल तर वकिलाला याच कलमाखाली अर्ज करायला सांगा.

सरकारी कार्यालयामागे सडणाऱ्या जीपचं दुखणं वेगळं. कंडम ठरवायची समिती बसत नाही, बसली तर राखीव किंमत ठरत नाही, ठरली तर ती इतकी जास्त असते की कोणी बोली लावत नाही. तोवर दोन-तीन पावसाळे जातात आणि लाखाच्या वस्तूची किलोवारी होते. नुकसान आपल्या खिशातलं. केंद्रीय कार्यालयांना लागू असलेले जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ सांगतात की माल निरुपयोगी ठरवताना कारणं लिहायची, पुस्तकी किंमत आणि राखीव किंमत काढायची, आणि दोन लाखांपुढच्या मालाची विक्री जाहीर निविदेने किंवा लिलावाने करायची. दोन लाखांच्या आतल्या मालाच्या बाबतीतही तो साठू देऊ नका असं म्हटलं आहे.

तुमच्या गावातल्या आरोग्य केंद्रामागे किंवा एखाद्या खात्याच्या आवारात अशी गाडी असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका. मोघम 'चौकशी करावी' असं लिहू नका. गाडीचा नंबर देऊन नेमकं विचारा : शेवटची कधी चालली, निरुपयोगी ठरवल्याच्या आदेशाची प्रत, राखीव किमतीचं टिपण, आजवर किती वेळा लिलाव पुकारला आणि प्रत्येक वेळी सर्वांत वरची बोली किती आली. उत्तराची मुदत तीस दिवस. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं. अर्जाची पोच घेताना तारखेचा शिक्का मारून घ्या, उत्तराची मुदत त्याच तारखेवरून मोजतात, आणि ती संपली की अपिलाची मुदत सुरू होते.